पट्टी चित्राच्या आत हवी

अंबरनाथचं शिवालय उचलून कुठे नेता येत नाही. ज्याला ते मुंबईत, लंडनमध्ये किंवा हल्ली मोबाइलच्या पडद्यावर दाखवायचं असतं, त्याला ते लहान करावंच लागतं. कल्याणच्या पुढच्या आमच्या या पट्ट्यात हे लहान करण्याचं काम दीडशे वर्षांहून जास्त काळ चालू आहे. मी त्यातला मधल्या काळातला माणूस. बदलापूरहून लोकल पकडून मुंबईत एका ब्लॉकमेकरकडे कॅमेऱ्यावर काम केलं, ब्लॉकचा धंदा बसल्यावर उल्हासनगरात गाळा घेऊन स्कॅनिंग केलं आणि आता जीन्सवाल्यांच्या नि फर्निचरवाल्यांच्या वेबसाइटसाठी फोटो तयार करून देतो. त्यामुळे हा इतिहास मी कारागिराच्या बाकावर बसून सांगणार आहे. चित्र लहान करताना काय जातं, काय राहतं आणि ते कोण ठरवतं, एवढाच माझा प्रश्न आहे.

सुरुवात १८६८ पासून करतो. त्या साली सरकारनं अंबरनाथच्या देवळाची पद्धतशीर नोंद करायचं ठरवलं आणि ते काम मुंबईच्या जे. जे. कलाशाळेकडे दिलं. शाळा निघून तेव्हा जेमतेम दहा-अकरा वर्षं झाली होती. जॉर्ज विल्किन्स टेरी हे तिथले शिक्षक माणसं घेऊन अंबरनाथला आले. रेल्वे १८५६ मध्येच इथून पुढे खोपोलीकडे गेली होती, म्हणून सामान आणणं शक्य झालं. युरोपात तेव्हा नकलांचीच हवा होती. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात तिथल्या राजघराण्यांनी कलाकृतींच्या प्रतिकृतींची देवाणघेवाण करण्याचा करार केला होता, आणि लवकरच सांचीच्या पूर्व तोरणाचा अख्खा साचा लंडनला जाणार होता.

टेरींच्या मंडळींनी देवळाच्या तीन तऱ्हेच्या नकला केल्या. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर तीन साइझ. पहिली नक्कल प्लास्टरच्या साच्यांची. ही ‘सेम साइज’, म्हणजे मूर्तीचं नाक एक इंचाचं तर साच्यातलंही एक इंचाचं. कोरीव कामाला खाचा आणि पोटखाचा असतात, त्यामुळे साचा एका तुकड्यात सुटत नाही; तुकड्यातुकड्यांत काढून पुन्हा जुळवावा लागतो. दुसरी नक्कल फोटोची. तेव्हा काचेवर ओलं कलोडियन ओतून, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून, लगेच अंधाऱ्या तंबूत धुवावी लागे. कागदावरचा फोटो काचेला चिकटवून उन्हात छापायचा, म्हणून जेवढी काच तेवढाच फोटो. मोठा फोटो हवा असेल तर मोठी काच, मोठा कॅमेरा आणि तो वाहायला जास्त माणसं. लहान-मोठं करण्याचा निर्णय जागेवर, भिंगासमोर उभं राहूनच घ्यावा लागे.

तिसरी नक्कल रेखाचित्रांची, आणि माझ्या मते या तिन्हींत सगळ्यांत हुशार तीच. अंबरनाथचं देऊळ भूमिज शैलीतलं. बाहेरच्या भिंती सरळ नाहीत. कोपऱ्यामागून कोपरा असे त्या वळत जातात. गाभारा मंडपाच्या पातळीपेक्षा खोल, पायऱ्या उतरून जावं लागतं. फोटोत हे काहीच कळत नाही. उन्हाचा एक पट्टा, सावलीचा एक पट्टा आणि मधे काळा दगड, एवढंच हाती येतं. नकाशात मात्र कोपरान् कोपरा मोजून उतरवलेला असतो. अशा नकाशाच्या खाली एक बारीक पट्टी काढायची पद्धत आहे आणि तिच्यावर फुटांचे आकडे असतात. ही पट्टी म्हणजे मला त्या शतकातली मोठी अक्कल वाटते. समजा नुसतं ‘एक इंचाला आठ फूट’ असं लिहून ठेवलं आणि छापताना चित्र निम्मं केलं, तर ते वाक्य त्याच क्षणी खोटं होतं. पट्टी चित्राच्या आत असली की चित्राबरोबर तीही निम्मी होते आणि खरीच राहते. जेम्स बर्जेस यांनी १८७२ मध्ये मुंबईत ‘इंडियन अँटिक्वेरी’ हे मासिक सुरू केलं. त्याच्या १८७४ च्या खंडात अंबरनाथचं देऊळ छापून आलं. शिडीवर चढून मापं घेतलेलं काम मासिकाच्या पानावर बसलं ते असं.

लहान करताना नव्हे, पण नक्कल वाचताना काय घोटाळा होऊ शकतो याचं उदाहरणही याच देवळात आहे. उत्तरेकडच्या दाराच्या वर, आतल्या बाजूला तुळईवर एक शिलालेख आहे. शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातला. पहिल्या वाचनात त्यातलं साल शक ७८२ असं लागलं, म्हणजे इसवी सन ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो पुन्हा वाचला आणि ते ९८२ आहे, म्हणजे इसवी सन १०६०, असं दाखवलं. आज सगळे हेच साल मानतात. सात आणि नऊ हे आकडे आपल्या लिपीत किती जवळचे आहेत ते कुणीही झिजलेल्या एसटीच्या पाटीवर पाहावं. एका गाठीच्या वळणात दोनशे वर्षं इकडची तिकडे झाली. पण भगवानलालजींना दुरुस्ती करता आली, कारण मूळ दगड जागेवर होता. नक्कल कितीही चांगली असो, मूळ राहिलं तरच तिची चूक पकडता येते. हे वाक्य मी पुढे माझ्या धंद्यात रोज वापरलं.

आता माझ्या बाकाकडे येतो. फोटो छापखान्यात जाण्यासाठी आधी त्याचे ठिपके व्हावे लागतात. शाईला फिकं-गडद कळत नाही. ती लागते किंवा लागत नाही. जर्मनीत गेओर्ग माइझेनबाख यांनी १८८२ मध्ये यावर पेटंट घेतलं आणि पुढच्या दशकात अमेरिकेत लेव्ही बंधूंनी काचेवर आडव्या-उभ्या रेघा कोरून स्क्रीन तयार केली. या स्क्रीनमधून फोटो काढला की काळ्या जागी मोठे ठिपके, पांढऱ्या जागी बारीक ठिपके. त्याला म्हणायचं हाफटोन. मराठीत सचित्र मासिकांचा जमाना आला तो याच कारागिरीवर. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक निघाला. आणि दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी आमच्याच जातीचे होते, हे सिनेमावाले विसरतात. ते पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन आणि फोटोग्राफर होते, नोकरी सोडून त्यांनी एनग्रेव्हिंग नि छपाईचा कारखाना काढला आणि १९०९ मध्ये त्याच कामासाठी जर्मनीला जाऊन आले. ‘राजा हरिश्चंद्र’ आला १९१३ मध्ये. पडद्यावर देव मोठे करण्यापूर्वी त्यांनी ते पत्र्यावर लहान केले होते.

मी शिकलो तेव्हा वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदासाठी इंचाला पासष्ट किंवा पंच्याऐंशी रेघांची स्क्रीन लावत आणि आर्ट पेपरसाठी एकशे तेहतीसची. बारीक स्क्रीन लावून वर्तमानपत्रात छापलं की शाई पसरून ठिपके एकमेकांत मिसळायचे आणि पुढाऱ्याचा चेहरा डांबरासारखा निघायचा. म्हणून फोटो हातात आला की आमचे उस्ताद पहिला प्रश्न विचारायचे, ‘कुठे छापायचाय?’ दुसरा प्रश्न, ‘किती कॉलम?’ फोटोत कोण आहे हे ते कधीच विचारत नसत.

माप बसवायची त्यांची रीत मी अजून पोरांना दाखवतो. फोटोवर बटर पेपर पसरायचा. डाव्या खालच्या कोपऱ्यापासून उजव्या वरच्या कोपऱ्यापर्यंत एक तिरकी रेघ मारायची. आता कॉलमची रुंदी खालच्या कडेवर मोजायची आणि तिथून सरळ वर उभी रेघ न्यायची. ती तिरकीला जिथे भेटेल तेवढी उंची. गुणाकार नाही, भागाकार नाही, आणि फोटो कधी ताणला जात नाही. उंची जागेत बसली नाही तर फोटो दाबायचा नाही, कापायचा. कुठून कापायचा हे बटर पेपरवर लाल पेन्सिलीनं दाखवायचं. फोटोला हात लावायचा नाही. आज नाक्यानाक्यावरच्या फ्लेक्सवर वाढदिवसाचे नेते चपटे किंवा उभे ताणलेले दिसतात, तेव्हा मला वाटतं की एक तिरकी रेघ मारली असती तर एवढ्या माणसांचे गाल वाचले असते.

मग ते चित्र कॅमेऱ्यासमोर फळीवर लागे. प्रोसेस कॅमेरा म्हणजे रुळांवर सरकणारी खोलीच. निगेटिव्ह काढायची, जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर छापायची, पत्रा खायला घालायचा. जस्ताला नायट्रिक ॲसिड, तांब्याला फेरिक क्लोराइड. शेवटी पत्रा लाकडावर ठोकून टाइपाच्या खिळ्यांच्या उंचीला आणायचा म्हणजे तो मजकुराबरोबर छापला जाई; हाच ब्लॉक. पैसे चौरस इंचावर, पण एका मर्यादेखाली किमान दर ठरलेला. त्यामुळे गिऱ्हाईक लहान ब्लॉक मागे आणि आम्हाला तोच जास्त त्रासाचा. चित्र लहान होतं तशा त्यातल्या रेघाही बारीक होतात. चित्रकारानं पातळ नीबनं काढलेली भुवई चौथाईवर आणली की ॲसिडमध्ये उडून जाते. म्हणून जाणता चित्रकार आधीच ठरलेल्या मापापेक्षा मोठं काढायचा आणि रेघा जाड ठेवायचा. लहान व्हायचंय हे मनात धरून मोठं काढणं ही त्या काळची कमर्शियल आर्टिस्टची परीक्षा होती.

या परीक्षेचा सगळ्यात अवघड पेपर म्हणजे काडेपेटीचं लेबल. आणि काडेपेटी म्हणजे अंबरनाथ. स्वीडिश भांडवलावर उभ्या राहिलेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीनं, म्हणजे विम्कोनं, १९२० च्या दशकात इथे कारखाना काढला आणि अंबरनाथचं नाव घरोघरीच्या चुलीपर्यंत गेलं. लेबल असतं जेमतेम दोन इंच लांब. तेवढ्यात चित्र, कंपनीचं नाव, मार्का आणि वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानातून मागता यावं अशी खूण. घोडा म्हटलं की घोडा, जहाज म्हटलं की जहाज. रविवर्म्यांची देवी ओलिओग्राफवरून काडेपेटीवर उतरली तेव्हा तिच्या मागचे डोंगर, तळं, शालूची कलाकुसर सगळं गळालं. उरली ती उभं राहण्याची ढब, चार हात आणि कमळ. तेवढं पुरलं. कुणालाही ती लक्ष्मीच वाटली. जुनी लेबलं जमवणारे लोक त्यांच्याकडे गमतीच्या वस्तू म्हणून बघतात. मी त्यांच्याकडे धडे म्हणून बघतो, कारण आजचा मोबाइलवरचा लहानसा चौकोन आणि काडेपेटीचं लेबल यांचं गणित एकच आहे.

उल्हासनगरात मात्र मी उलटं काम पाहिलं. इथे लोकांना फोटो मोठे करून हवे होते. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचं उल्हासनगर झालं, पण कॅम्प एक ते कॅम्प पाच हे पत्ते आजही तसेच आहेत. येताना लोकांनी जे आणलं त्यात फोटो थोडे. असले तर ग्रुप फोटो, घडी पडलेले, ज्यात आजोबांचं डोकं हरभऱ्याएवढं. दुकान काढायचं म्हणजे गल्ल्याच्या वर वडिलांची तसबीर हवी, आणि ती तसबीर त्या हरभऱ्यातून काढायची. फोटोवरून फोटो घ्यायचा, मोठा ब्रोमाइड काढायचा आणि जे फोटोत नव्हतंच ते रिटचरनं पेन्सिलीनं, ब्रशनं भरायचं. कोटाची बटणं अंदाजानं, पगडीच्या घड्या घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारून. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तयार तसबीर बराच वेळ न्याहाळली आणि मला म्हणाले, ‘साईं, मेरा बाप इतना साफ मैंने कभी देखा नहीं था.’ तारीफ होती की तक्रार, मी विचारलं नाही. लहान करताना आपण वगळतो, मोठं करताना आपण घालतो. दोन्हीकडे हात कारागिराचा.

ब्लॉक गेले, ऑफसेट आलं, डीटीपी आलं. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. पुढे काही वर्षांत उल्हासनगरातले व्यापारी वेबसाइट मागू लागले, कारण त्यांचा माल बाहेर जायचा आणि दुबईचा गिऱ्हाईक कॅम्प पाचच्या गल्लीत येऊन कापड चाचपणार नव्हता. तेव्हा अडचण टेलिफोनच्या लाइनची. सगळ्यात चांगला मोडेम सेकंदाला छप्पन्न किलोबिट, म्हणजे सात किलोबाइट. आठशे बाय सहाशेचा रंगीत फोटो न दाबता ठेवला तर चौदा लाख चाळीस हजार बाइट, म्हणजे तीन मिनिटांहून जास्त. तोवर गिऱ्हाईक चहा पिऊन दुसरीकडे गेलेला. म्हणून जेपेगचा आधार. १९९२ मध्ये प्रमाण ठरलेली ही पद्धत चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि डोळ्याला जे चटकन दिसत नाही ते प्रत्येक चौकोनातून काढून टाकते. जास्त दाबलं की ते चौकोनच दिसायला लागतात. त्याला आमच्या धंद्यात म्हणतात, फोटो फाटला. लहान फोटो ओढून मोठा केला तरी फाटतो. दुकानदाराची एकच अट असायची, ‘साईं, फोटो फाटला नाही पाहिजे.’

जीन्सचा फोटो लहान करणं हे मी नव्या पोरांना पहिलं काम देतो, कारण त्यात सगळी विद्या आहे. डेनिमचं विणकाम तिरकं असतं, निळा धागा, पांढरा धागा, रेघेला रेघ लागून. आजच्या मोबाइलचा फोटो साधारण चार हजार बाय तीन हजार, म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपके. वेबसाइटला बाराशे बाय नऊशे पुरतो, म्हणजे दहा लाख ऐंशी हजार. अकरा ठिपक्यांच्या जागी एक. हा एक कुठला? सॉफ्टवेअरनं नुसता मधला मधला उचलला तर विणीच्या रेघा आणि उचलायच्या जागा यांची टक्कर होते आणि पँटच्या मांडीवर पाण्याच्या लाटांसारखा पॅटर्न उमटतो. कापडात तो नसतोच. गिऱ्हाईक माल परत पाठवतं की डिझाइन वेगळं दाखवलं. उपाय असा: आधी फोटो थोडा मऊ करायचा, मग लहान करायचा, मग कडा पुन्हा धारदार करायच्या. एका दमात नाही, या क्रमानं.

हे मला कुठल्या कोर्समध्ये शिकावं लागलं नाही. छापलेल्या चित्रावरून पुन्हा ब्लॉक करायचा असला की जुने ठिपके आणि नवी स्क्रीन यांची अशीच टक्कर व्हायची. तेव्हा उस्ताद स्क्रीन फिरवून कोन बदलायचे किंवा फोकस केसभर ढिला करायचे. आणि कडा धारदार करायच्या ज्या हत्याराला फोटोशॉपमध्ये ‘अनशार्प मास्क’ म्हणतात, ते मुळात डार्करूममधलं. निगेटिव्हची मुद्दाम धूसर केलेली प्रत तिच्यावरच ठेवून छापायची, म्हणजे कडा उठून येत. पोरं विचारतात, धारदार करायच्या बटणाला ‘अनशार्प’ का म्हणतात? आता त्यांना माहीत आहे.

एवढं सगळं पुढे गेलं, पण एका बाबतीत आपण १८६८ च्या मागे गेलो आहोत. महाशिवरात्रीला अंबरनाथच्या देवळाचे हजारो फोटो निघतात. ते व्हॉट्सॲपवर जातात, तिथे लहान होतात, कधी काढला ही कॅमेऱ्यानं आत लिहिलेली नोंद त्याच वेळी गळते, आणि चार हात फिरून आलेला फोटो कुणी तरी वेबसाइटवर चढवतो. तो दक्षिणेकडचा आहे की उत्तरेकडचा, मूर्ती हातभर आहे की बोटभर, दगड तेव्हा असा होता की आज असा झालाय, काही कळत नाही. या देवळाचा दगड झिजतो आहे. शिखराचा वरचा भाग कधीच गेला आहे. शेजारून वाहणाऱ्या वालधुनीचं पाणी कसं आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको. पन्नास वर्षांनी कुणी विचारेल की ही मूर्ती २०२० च्या आसपास कशी होती, तेव्हा फोटो लाखो असतील आणि उपयोगाचा एखादाच.

फोटो लहान करण्यात काही वाईट नाही. माझं पोटच त्यावर चाललं. पण लहान करायची ती प्रत. मूळ फोटो आहे त्या मापात वेगळा ठेवायचा, त्याच्यावर कधीच सेव्ह करायचं नाही. आणि जी माहिती चित्राबाहेर असते ती हरवते, हे त्या नकाशावाल्यांना कळलं होतं. म्हणून माझी विनंती साधी आहे. देवळाचा, जुन्या बराकीचा, बंद पडलेल्या कारखान्याचा फोटो काढाल तेव्हा एक फोटो असा काढा ज्यात शेजारी मोजपट्टी असेल. नसेल तर आपली तिकिटाएवढी का होईना ठरलेल्या मापाची एखादी वस्तू ठेवा. फाइलच्या नावात जागा, दिशा आणि तारीख लिहा. मूळ प्रत दोन ठिकाणी ठेवा. मग वेबसाइटसाठी हवा तेवढा लहान करा.